अलिफ, दाल, ये, अलिफ

संपादकांना आधीच सांगून ठेवलंय, माझ्या लेखात जिथं ‘न्हाई’ आहे तिथं ‘न्हाई’च छापायचं. सुधारून ‘नाही’ करायची हौस असेल तर लेख परत पाठवा, आमच्याकडं बंब पेटवायला कागद लागतो. हा हट्ट कशापायी, ते पुढं कळंल.

मी कुलूपवाला. जालन्यात मस्तगडला माझं दुकान होतं, पाटीवर ‘कुलूप व तिजोरी दुरुस्ती’ एवढंच. लोक मिस्तरी म्हणायचे. आता हात कापतात म्हणून घरी बसून राह्यलो.

मागच्या महिन्यात सूनबाईच्या हापिसातला कंप्युटर बंद पडला. बंद म्हणजे चालू होता, पण आत जाऊ देईना. मुख्य पासवर्ड ज्या साहेबाकडं, त्याची बदली झाल्ती, आणि तो नव्या गावाहून फोनवर म्हणे, ‘आठवत नाही, तुमच्या मशीनमध्येच काहीतरी बिघाड असेल.’ आठ दिवस पब्लिक खिडकीशी हेलपाटे घालत होतं आणि शिपायाला बोल लावत होतं. मंग कोणीतरी जाणकार आला आणि अर्ध्या तासात नवा पासवर्ड बसवून गेला. सूनबाई नवलानं सांगत होती. मला कसलं आलंय नवल! विसरणारा साहेब, त्याच्या नावानं बोलणी खाणारा शिपाई आणि दारात अडकून पडलेला गरीब, हे तिघं माझ्या वेळी बी होतेच. तेव्हा फक्त वायर नव्हती.

आमच्या धंद्याबद्दल लोकांना दोनच गोष्टी ठाऊक असतात, आणि दोन्ही चूक. एक, आम्ही चोरांचे मास्तर असतो. दोन, आम्ही तिजोरीला कान लावून बसतो, सिनेमातल्यासारखं. अहो, जालन्यात भर बाजारात कान लावून काय ऐकू येणार, टांग्याचा भोंगा? हे काम बोटांचं. कुलूप फोडायला अक्कल लागत न्हाई, छन्नी लागते. उघडायला मात्र दम लागतो. आणि आमचा एकच कायदा: मालक समोर उभा असल्याबिगर हात लावायचा न्हाई. एकदा एकजण बायकोची पेटी घेऊन आला, ती माहेरी गेल्ती. म्हणे, “उघडून दे जल्दी, मी नवरा आहे तिचा.” मी म्हणलं, “तिचा असशील, पेटीचा न्हाईस ना?” पेटी उचलून चालता झाला.

दुसरा एक जिनिंगचा मॅनेजर. तिजोरीची चावी हरवली, मुनीमानंच पळवली म्हणून त्या बिचाऱ्याला सगळ्यांदेखत शिव्या देऊन राह्यला होता. मला मात्र सदऱ्याच्या मागल्या बाजूला टेंगूळ दिसलं. मी गंभीर तोंड करून म्हणलं, “शेठ, हात लावायच्या आधी मालकानं तिजोरीला वाकून नमस्कार करायचा, आमच्यात रिवाज आहे.” असला कुठलाच रिवाज न्हाई. तो वाकला, आणि जानव्याला बांधलेली चावी पाठीवरून घसरून पुढं आली. काखेत कळसा, दुसरं काय. मुनीमाची माफी मागितली का? छे! म्हणाला, “जानवं जरा लांब झालंय.”

एवढ्या वर्षांत मला एक माणूस भेटला न्हाई जो सरळ म्हणाला, मिस्तरी, मी विसरलो. प्रत्येकाचं कुलूपच बिघडलेलं. त्याला तोंड न्हाई ना, मंग ढकला त्याच्यावर.

आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे भोकरदनकडच्या एका शाळेचा हेडमास्तर.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाल्ती. जूनचा महिना, शाळा नुकत्या भरलेल्या. शाळेचं नाव सांगत न्हाई, हेडसरांचं बी न्हाई. ते राहणारे घनसावंगीच्या बाजूच्या एका खेड्यातले, पण दोन वर्षं पुण्याला शिकून आल्ते आणि ती दोन वर्षं त्यांनी जन्मभर पुरवली. पोरगं ‘न्हाई’ म्हणालं की हातावर छडी. ‘पानी’ म्हणालं की छडी. ‘इद्या’ म्हणालं तर छड्या आणि शंभर वेळा ‘विद्या’ लिहून आणायचं, वर बापाला निरोप. सगळी शाळा त्यांच्यासमोर मुकी व्हायची, कारण मुक्याचं व्याकरण चुकत न्हाई.

या शाळेत एक लोखंडी तिजोरी होती, निजामाच्या वक्ताची, कुठल्याशा कचेरीच्या लिलावातून आलेली. तिला चावीच नव्हती. दारावर पितळेच्या चार चकत्या, आणि प्रत्येक चकतीच्या कडेनं उर्दू अक्षरं कोरलेली. दाराच्या आतल्या अंगाला प्रत्येक चकतीमागं एक चाक, चाकाला एक खाच. ठरलेल्या शब्दाची चार अक्षरं लावली की चारी खाचा एका ओळीत येतात आणि मूठ फिरते. तीन बराबर आणि एक चूक, तरी मूठ ढिम्म. शब्द बदलायचा तर दार उघडं असताना आतली पाठ खोलून चाकं फिरवायची. हे मीच तिथल्या शिपायाला, रहीमचाचांना, एकदा शिकवून ठेवलं होतं. शाळेत उर्दू वाचणारे तेवढे एकटेच.

हेडसरांचं कार्ड आलं: ‘तिजोरी बिघडली आहे. त्वरित यावे. फोडावयाची नाही.’ मी हत्यारांची पिशवी घेऊन एसटीनं गेल्तो. पोचायला दुपारचे तीन झाले.

व्हरांड्यात तिघं बसले होते. एका टोकाला रहीमचाचा, उन्हात, टोपी मांडीवर. दुसऱ्या टोकाला सखाराम गवंडी आणि त्याची पोरगी सुमन. चाचा म्हणाले, “आओ मिस्तरी. सकाळपासून बुलाके बिठाया है. आत येऊ नको म्हणतात, जाऊ बी नको म्हणतात.”

चाचा मेअखेरीला रिटायर झाल्ते. तीस वर्षं घंटा वाजवली, निरोपाला एक नारळ न्हाई की दोन शब्द न्हाईत. त्यानंतर दहा दिवसांनी हेडसरांनी उर्दू शाळेतल्या मास्तरांना बोलावलं, शब्द सावकाश, शुद्ध उच्चारून सांगितला, मास्तरांनी तो लावला आणि तिजोरी उघडली न्हाई. झालं! म्हाताऱ्यानं जाता जाता खोडी केली, असा हेडसरांचा निकाल. पोलिसात देतो म्हणून धमकावणं चालू होतं.

सखारामाची अडचण वेगळी. सुमनला नर्सच्या ट्रेनिंगला औरंगाबादला मुलाखत आल्ती, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. शाळा सोडल्याचा अस्सल दाखला हातात असेल तरच आत घेणार, न्हाईतर जागा दुसऱ्याला. दाखल्याचं पुस्तक, शिक्का आणि जन्मतारखांचं रजिस्टर तिजोरीत. शेवटची गाडी साडेपाचला. सखाराम हात जोडून मला म्हणाला, “मिस्तरी, आमच्या सगळ्या भावकीत मॅट्रिक झालेली ही पहिली. आठ दिस झाले येऊन राह्यलो, सर म्हणतात तिजोरी आजारी हाय.”

“आजारी कोण आहे ते बघू,” मी म्हणलं आणि आत गेलो.

हेडसर खुर्चीत ताठ, बाजूला उर्दूचे मास्तर उभे. मी म्हणलं, “सर, सांगून ठेवतो, बोटानं उघडली न्हाई तर—”

“नाही म्हणा. नाही.”

“नाही तर नाही. शब्द काय होता?”

“तो गुप्त आहे.”

आता बोला! दाताच्या डॉक्टरसमोर बसायचं आणि तोंड उघडायचं न्हाई. मी पिशवी उचलली आणि दाराकडं वळलो. तेव्हा त्यांनी उर्दूच्या मास्तरांना बाहेर घालवलं, खिडकी लावली आणि ओठ नीट गोल करून म्हणाले, “विद्या. वि-द्-या. मी स्वतः निवडलेला शब्द. हिवाळ्यात मी बदलून घेतला. रहीमकडून लावून घेतला, एवढीच माझी चूक.”

“एकदा तरी स्वतः उघडली का?”

“ते शिपायाचं काम आहे.”

म्हणजे घराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आणि मालकीचा तोरा यांचा.

मी ‘विद्या’ लावला. उर्दूत त्याची चार अक्षरं होतात: वाव, दाल, ये, अलिफ. ऱ्हस्व इकार उर्दूत लिहीत न्हाईत, वाचणाऱ्यानं समजून घ्यायचा असतो. निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत शिकलो म्हणून मला हे येतं, त्याबद्दल बी पुढं लोकांनी नाकं मुरडलीच. मूठ हलली न्हाई. मंग मुठीवर अंगठ्याचा थोडा भार ठेवला आणि एकेक चकती हलक्या हातानं मागंपुढं केली. खाच जागेवर असली की चकती सैल लागते, नसली की घासते. दाल सैल. ये सैल. शेवटचा अलिफ सैल. घासत होती ती फक्त पहिली, वाववाली.

चार वाजून गेल्ते. मी पहिली चकती एकेक घर सरकवत गेलो. वावच्या पुढं ‘हे’, मंग ‘ये’, मंग चक्कर पुरी होऊन अलिफ. खट्! मूठ फिरली.

मी चकत्यांकडं बघत राह्यलो. अलिफ, दाल, ये, अलिफ. मनात वाचलं आणि हसू दाबता दाबता मला ठसका लागला.

“पाहिलंत?” हेडसर उठून उभे राहिले. “पहिलं अक्षर बदललं त्या माणसानं! हा घातपात आहे. आता तिजोरीतल्या कागदाला हात लावायचा नाही. संस्थेच्या मंडळींसमोर पंचनामा होईल, मग पुढचं.”

“पंचनामा कधी?”

“सोमवारी.”

त्या दिवशी गुरुवार होता. दार सताड उघडं, दाखल्याचं पुस्तक वरच्याच कप्प्यात, हात लांब केला तर हाताला येईल, आणि हा गृहस्थ म्हणतो सोमवारी! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी दारातनं हाक मारली, “चाचा, आत या. सखाराम, तू बी ये, पोरीला घेऊन ये.” हेडसर ‘कोणाच्या परवानगीनं’ म्हणेपर्यंत सगळे उंबऱ्याच्या आत आल्ते, उर्दूचे मास्तर बी.

मी विचारलं, “चाचा, शब्द लावताना तुम्ही एक अक्षर फिरवलं का?”

चाचांनी चकत्यांकडं पाह्यलं. मंग हेडसरांकडं. मंग मान खाली घातली. “साहेबांनी कानात जो बोले, वोच लगाया. एक हर्फ इकडं न्हाई, एक हर्फ तिकडं न्हाई.”

“मंग सांगा की काय बोलले ते.”

“न्हाई. कुणाला सांगू नको बोले होते. कसम है.”

बघा! ज्याला चोर ठरवलं तो कसम पाळून राह्यला होता, आणि ज्याच्यासाठी पाळत होता तो त्याच्यावर पोलीस सोडायला निघाला होता. म्हाताऱ्याला सगळं कळलं होतं. एका शब्दात सुटला असता. पण साहेबाची इज्जत!

मी काही कसम खाल्ली नव्हती. शब्द उर्दूच्या मास्तरांना सांगूनच झाला होता, आणि सोमवारी पंचांपुढं तो वाचला जाणारच होता. मी मोठ्यानं म्हणलं, “सर, तुम्हाला उर्दू येत न्हाई म्हणून वाचून दाखवतो. पहिला अलिफ, त्याचा इथं इ. मंग दाल, ये, अलिफ, त्याचं द्या.”

दोन्ही जोडून मी म्हणणार न्हाई, असं मी ठरवलं होतं. गरजच पडली न्हाई. सखाराम भोळा माणूस, त्याला वाटलं मिस्तरी कोडं घालून राह्यला. तो खुश होऊन म्हणाला, “इद्या! बराबर हाय की मंग! साळंच्या तिजोरीला इद्याच पाह्यजे!”

उर्दूचे मास्तर भिंतीवरचा नकाशा बघायला लागले. हेडसरांचे कान लाल झाले. हा माणूस वर्गात ‘विद्या’ आणि कानात ‘इद्या’! चारचौघांत जीभ पुण्याची, पण घाईत गुपित कुजबुजायची वेळ आली की आईनं शिकवली तीच. त्यात लाज कसली? मला तर तो पहिल्यांदाच माणसातला वाटला. लाज असली तर ती वळांची, जी त्यांनी पोरांच्या हातावर उठवली.

सुमन दाराशी उभी होती. ती पुढं झाली. हसली न्हाई, रागावली बी न्हाई. म्हणाली, “सर, सातवीत ह्याच शब्दापायी मला पाच छड्या बसल्या होत्या. साडेपाचची गाडी आहे सर. दाखला देता का?”

हेडसरांनी घसा साफ केला. “कुलूप फार जुनं झालंय,” ते म्हणाले. “तसं मिस्तरींनी लिहून द्यावं, की बिघाड यंत्राचा होता. म्हणजे मग पंचनाम्याची आवश्यकता नाही.”

मी म्हणलं, “खोटं लिहायचा धंदा माझा न्हाई. कुलूप चोख आहे. आधी चाचांची माफी मागा, मंग लिहिण्याबिहिण्याचं बघू.”

घड्याळात पाच वाजायला दहा कमी. हेडसर हाताची घडी घालून उभे. माफी त्यांच्या घशातून उतरणार न्हाई आणि सही हातातून सुटणार न्हाई, हे दिसतच होतं. सखारामाचे हात पुन्हा जोडले गेले, आता कुणासमोर जोडायचे हे त्याला कळत नव्हतं. तेव्हा चाचांनी माझा दंड धरला. “लिख दे मिस्तरी. माझी माफी राहू दे, बेटीची गाडी जाईल. लोखंडाला काय बेइज्जती?”

मी लिहिलं. ‘तिजोरीच्या कुलपात दोष होता, तो दूर केला.’ खाली सही. माझ्या हातून कुलपावर आलेला तेवढाच खोटा आळ. आजही त्या कागदाची आठवण झाली की स्वतःचाच राग येतो. चाचांना माफी मिळाली न्हाई ती न्हाईच. मी आणखी पाच मिनिटं ताणून धरायला पाहिजे होतं, की तेवढ्यात गाडी गेली असती, याचा हिशेब मला अजून लागला न्हाई.

दाखला लिहून झाला, शिक्का बसला. सुमन आणि सखाराम पळतच सुटले. चाचा बी टोपी घालून निघाले, त्यांच्यामागं उर्दूचे मास्तर. मी पिशवी आवरायला लागलो तर हेडसरांनी दार लोटून घेतलं. “मिस्तरी, शब्द बदला. आत्ता. तो शब्द आता चौघांना कळला.”

“नवा कोणता लावू?”

त्यांनी खिडकी तपासली, दार तपासलं, माझ्या कानाशी वाकले आणि घाईघाईत पुटपुटले. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हणलं, “सर, पुन्हा एकदा सांगा. नीट.”

“इचार!” ते वैतागून कुजबुजले. “इचार म्हणतोय ना! किती वेळा सांगू?”

मी त्यांच्या तोंडाकडं पाह्यलं. चेहऱ्यावर काही न्हाई. आपण काय बोललो याची त्यांना खबरच नव्हती. एक मन म्हणालं, सांगावं. दुसरं म्हणालं, चाचांनी काय केलं होतं? साहेब जो बोले, वोच लगाया. मी आतली पाठ खोलली आणि एकेक चाक फिरवून ऐकलं तसं लावलं: अलिफ, चे, अलिफ, रे. “कागदावर काढून देऊ का अक्षरं?” एवढं मात्र विचारलं. ते म्हणाले, “गुप्त गोष्ट कागदावर लिहीत नाहीत.” मंग माझा नाइलाज होता.

आता तो ऱ्हस्व इकार आठवा, जो उर्दूत लिहीत न्हाईत. अलिफ, चे, अलिफ, रे. उर्दू वाचणारं कुठलंही लेकरू तो शब्द एकच वाचतं: अचार. म्हणजे लोणचं. अख्ख्या शाळेच्या जन्मतारखा मी लोणच्यात घालून आलो.

पुढच्याच महिन्यात कार्ड आलं. ‘तिजोरी पुन्हा बिघडली आहे. शब्द योग्य लावूनही उघडत नाही. त्वरित यावे.’ एखाद्या लेकराचा दाखला अडकला असेल, या विचारानं मी त्याच दिवशी टपाल गाठलं. अडकला असेल तर ते पाप माझंच. उलट टपाली एवढंच लिहिलं: ‘सर, कुलूप चोख आहे. उर्दूच्या मास्तरांना शब्द सांगताना घरी आईशी बोलता तसं बोला. उघडली न्हाई तर कळवा.’

पुन्हा कार्ड आलं न्हाई.